आराखडा लिहिण्याआधी गाव मोजा: नव्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी मार्गदर्शक

निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत पंचायत समितीतून निरोप येतो, 'आराखड्यासाठी कामे सुचवा.' मग प्रत्येक सदस्य आपापल्या वॉर्डातली कामे सांगतो. कुणाला गटार हवे असते, कुणाला पेव्हर ब्लॉक, कुणाला हायमास्ट. यादी होते, ग्रामसभेत वाचली जाते, पोर्टलवर चढते. मे महिन्यात गावाला पाणी कुठून मिळणार, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे वीजबिल पुढच्या वर्षी कशातून भरायचे, ओढ्याकाठी साठलेल्या प्लास्टिकचे काय करायचे, याचे उत्तर मात्र त्या यादीत सापडत नाही.

गावातले पाणी, माती, पैसा आणि माणसे वर्षानुवर्षे पुरली पाहिजेत, एवढा साधा अर्थ 'शाश्वत विकास' या सरकारी शब्दामागे आहे. पुरतात की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे नेहमीचा क्रम उलटा केला आहे: आधी मोजणी, मग कामे. सगळी उदाहरणे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींची आहेत, कारण सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींमध्ये दर निवडणुकीला हजारो नवे सदस्य येतात आणि त्यांना हे काम पहिल्या दिवसापासून करायचे असते.

कायद्याने हातात काय दिले आहे

२४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू आहे. तिच्यातल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायाचा आराखडा पंचायतीने स्वतः करावा, हे घटनेच्या २४३-जी कलमात आहे. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागल्यावर महाराष्ट्रात 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने आराखड्याची पद्धत बसली. त्यालाच आपण जीपीडीपी, म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा म्हणतो. आता हा आराखडा नऊ संकल्पनांवर बेतायचा असतो: गरिबीमुक्ती, आरोग्य, बालस्नेही गाव, जलसमृद्धी, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधा, सामाजिक सुरक्षा, सुशासन आणि महिलास्नेही गाव.

नऊच्या नऊ संकल्पना पहिल्याच वर्षी धरू नका. एक किंवा दोन नीट धरा. माझे मत विचाराल तर पहिली जलसमृद्धी घ्या. गावात पाणी नसेल तर उरलेल्या आठ संकल्पना कागदावरच राहतात.

पहिले काम: अभ्यासगट

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने एक चांगली रीत घालून दिली आहे. कुठलाही मोठा निर्णय ग्रामसभेत येण्याआधी गावातला अभ्यासगट त्यावर बसतो, माहिती काढतो, शंका विचारतो. मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो या तयारीच्या बळावर.

तुमच्या गावातही दहा-बारा जणांचा असा गट करता येईल. त्यात आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले एक शिक्षक, पाणी सोडणारा कर्मचारी, बचत गटातल्या दोन जणी, एक धनगर किंवा पशुपालक, एक भूमिहीन मजूर आणि कॉलेजला जाणारी दोन मुले असावीत. पाणी सोडणाऱ्या माणसाला विसरू नका. कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी जाते, कोणता व्हॉल्व्ह गळतो, कुणी लाइनला थेट मोटार लावली आहे, हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचीही सोय बघावी लागते. आराखड्याच्या ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरपासून पुढे होतात आणि त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आसपास, तोडीच्या टोळ्या गाव सोडतात. बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या कितीतरी गावांत त्यामुळे सगळ्यांत गरज असलेली घरे आराखड्यातून सुटतात. त्यांच्यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या सुमारास वस्तीवर जाऊन वेगळी बैठक घ्या आणि त्यांनी सांगितलेले इतिवृत्तात नोंदवा. महिला सभाही मुख्य ग्रामसभेच्या आधी झाली पाहिजे, आणि तिच्यात बायकांनी सांगितलेले ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती झाली म्हणजे गाव आले असे समजू नका. हजेरी वहीत वाडी-वस्तीनिहाय कोण आले ते पाहा.

दुसरे काम: दप्तरात आहे ते आधी काढा

नवीन सर्वेक्षणाचा घाट घालण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत (जुन्या भाषेत ग्रामसेवक) बसून दप्तर चाळा. नमुना ८ म्हणजे घरांची आकारणी, नमुना ९ म्हणजे करमागणी, नमुना ३३ म्हणजे वृक्षांची नोंद. वीजबिलांची फाइल काढा. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरच्या खरेदीच्या पावत्या पाहा. अंगणवाडीत मुलांची वजने-उंच्या असतात, आशाताईंकडे गरोदर मातांची नोंद असते, शाळेत पटसंख्या आणि गळती असते, कृषी सहायकाकडे पीक पेरा असतो.

मग शिवारफेरी. गावठाणापासून शिवेपर्यंत पायी जा. ओढे, बंधारे, पाझर तलाव, विहिरी, कचऱ्याचे ढीग, सांडपाण्याची डबकी, हातपंप एका मोठ्या नकाशावर गावकऱ्यांकडूनच मांडून घ्या. बंधाऱ्यांची कागदावरची साठवण क्षमता एस्टिमेटमध्ये मिळेल, पण गाळ किती भरला ते काठावर उभे राहिल्यावरच दिसते.

तिसरे काम: पाण्याचा ताळेबंद

इथे वेळ घालवा. बाकी सगळे थोडे कमी झाले तरी चालेल, हे मात्र नीट व्हावे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची बंधारे आणि चराईबंदीची कथा सगळ्यांना ठाऊक असते. त्या गावाने पुढे काय केले, ते कमी लोक सांगतात. पाणी अडवून झाल्यावरही गावाने दरवर्षी पाऊस मोजला, निरीक्षण विहिरींची पातळी मोजली, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने ताळेबंद मांडला आणि तो ग्रामसभेत वाचून कोणती पिके घ्यायची ते ठरवले. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. उरलेल्यातले सुमारे ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्या काळासाठी जमिनीतच ठेवायचे. मी हिवरे बाजारचे सगळ्यांत मोठे काम या हिशेबालाच मानतो.

हिशेब असा मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर पाणी होते. हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम, अर्थात दहा लाख लिटर. समजा गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि पाऊस ५०० मिमी झाला. आकाशातून ५,००० टीसीएम पाणी आले. आकडा मोठा वाटतो. पण त्यातले पुष्कळसे वाफ होऊन उडते, काही खरिपाची पिके आणि माती पितात, काही ओढ्याने वाहून जाते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मुरणारा वाटा लहानच असतो. बंधारे, तलाव आणि विहिरींत पावसाळ्यानंतर वापरण्याजोगे किती उरले, ते काढायला भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाची मदत लेखी मागा. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत गावांनी असेच ताळेबंद आणि जल सुरक्षा आराखडे केले आहेत. शेजारच्या एखाद्या गावात तयार नमुना मिळण्याची शक्यता चांगली आहे.

समजा उत्तर ४०० टीसीएम आले. लोकसंख्या २,००० आहे. जलजीवन मिशनच्या दरडोई रोज ५५ लिटरच्या मापाने रोज १,१०,००० लिटर, वर्षाला सुमारे ४० टीसीएम. मोठी जनावरे १,००० असतील आणि एकाला रोज ५० लिटर धरले, तर आणखी सुमारे १८. उरले ३४२ टीसीएम. त्यातले ३० टक्के जमिनीत राखले तर शेतीला २३९ च्या आसपास मिळतात.

आता पिके मांडा. गव्हाला हेक्टरी साधारण ४ ते ४.५ टीसीएम लागते. उसाला २० आणि कधीकधी त्याहून जास्त. म्हणजे या गावाच्या पाण्यावर ५३ ते ६० हेक्टर गहू होईल किंवा फक्त १२ हेक्टर ऊस. दुसऱ्या तऱ्हेने पाहिले तर दोन हेक्टर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात २,००० माणसांचे गाव वर्षभर पाणी पिते. हा हिशेब फळ्यावर मोठ्या अक्षरात मांडा आणि ग्रामसभेला वाचू द्या. कुणावर आरोप करायची गरज पडत नाही, लोक आकडा पाहून आपणहून बोलू लागतात.

ताळेबंद रब्बीच्या पेरणीआधी, ऑक्टोबरमध्येच वाचला गेला पाहिजे. डिसेंबरमध्ये वाचलेला ताळेबंद कुणाच्या उपयोगाचा नाही, तोवर बियाणे मातीत गेलेले असते. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचाही थोडा आधार आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर बंधन आहे. ते वर्तुळ नकाशावर लाल रंगाने काढून ठेवा.

मोजायची साधने साधी आहेत. शाळेच्या आवारात उघड्या जागी पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला मुलांकडून नोंद घ्या. महसूल मंडळाचे हवामान केंद्र आहेच, पण मंडळाच्या गावी धो धो पाऊस आणि आपल्याकडे कोरडे, असे पुष्कळदा होते. विहिरींसाठी शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून पाच-सहा निवडा. वजन बांधलेली टेप सोडून कठड्यावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या, तेही सकाळी मोटार सुरू होण्याआधी. भूजल यंत्रणा वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, निरीक्षण विहिरी मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.

चौथे काम: थोडे पण खरे निर्देशक

केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने 'पंचायत अ‍ॅडव्हान्समेंट इंडेक्स' आणला आहे. २०२२-२३ या पायाभूत वर्षाच्या पहिल्या फेरीत ४३५ निर्देशक होते. गुणांनुसार पंचायतींचे पाच गट पडतात आणि ९० च्या वरचा 'अचिव्हर' गट त्या फेरीत देशात एकाही पंचायतीला गाठता आला नाही. आपल्या गावाचा गुणतक्ता जरूर काढून पाहा. कोणत्या संकल्पनेत गाव मागे आहे याची दिशा त्यातून मिळते. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले, त्यात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार गुण असतात. 'हागणदारीमुक्त अधिक' (ओडीएफ प्लस) या गावांच्या स्वच्छतेच्या दर्जात उदयोन्मुख, उज्ज्वल, उत्कृष्ट अशा पायऱ्या आहेत.

पण हे सगळे वरून मागितलेले आकडे. गावाला स्वतःसाठी दहा-बारा पुरतात. निर्देशक निवडताना तीन गोष्टी विचारा. आपल्यातला कुणी तो मोजू शकतो का? दरवर्षी त्याच पद्धतीने मोजता येईल का? आणि आकडा बिघडला तर आपण काही वेगळे करू का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर तो निर्देशक सोडून द्या.

माझ्या पसंतीचे असे:

- मे महिन्यातली निरीक्षण विहिरींची सरासरी पातळी
- टँकर किंवा अधिग्रहित विहिरीवर काढलेले दिवस
- शेवटच्या नळाला आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटे पाणी
- शेवटच्या नळाच्या ओटी चाचणीत (पाण्यात उरलेला क्लोरीन तपासायची चाचणी) क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आल्याचे दिवस, आणि पाणी दूषित होण्याच्या धोक्यानुसार स्रोताला मिळालेले कार्ड: हिरवे, पिवळे की लाल
- एक हजार लिटर पाणी उपसायला लागलेली वीज
- तीन उन्हाळे काढून जगलेली झाडे
- उघड्यावरची सांडपाण्याची डबकी, पावसाळा सोडून
- गोळा झालेल्यापैकी वेगळा केलेला कचरा, वजनाने
- घरपट्टी-पाणीपट्टीची चालू वसुली, टक्क्यांत
- स्थलांतराला गेलेली कुटुंबे आणि त्यांच्यासोबत शाळा सोडून गेलेली मुले
- तीव्र कुपोषित मुले आणि रक्तक्षय असलेल्या गरोदर माता

इथे 'लावलेली झाडे', 'बांधलेले शोषखड्डे', 'घेतलेली शिबिरे' असे काही नाही. ती कामाची मोजणी झाली. काम झाल्यावर गावात काय बदलले, ते या आकड्यांतून दिसले पाहिजे. वृक्षनोंद वहीत दरवर्षी हजार रोपे चढतात आणि रस्त्याकडेला कोरडे खड्डे दिसतात, ही गावोगावची खंत आहे.

कचऱ्यासाठी आठवडाभर वीस घरांचा ओला आणि सुका कचरा साध्या काट्यावर वजन करा. सणाचा आठवडा टाळा. सांडपाण्याचा अंदाज सोपा आहे: पुरवलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के बाहेर पडते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गावात रोज ८८,००० लिटर. एवढे पाणी कुठे जाते हे कळले की शोषखड्डे किती हवेत ते ठरते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही हटवले, आणि पुढे तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून रोजगार हमीतून इतर गावांनी उचलला.

पाचवे काम: आकड्यांवरून कामे, कामांवरून पैसे

आता यादी करा, प्रत्येक कामापुढे ते कोणत्या आकड्यासाठी आहे हे लिहा. ज्या कामापुढे काहीच लिहिता येत नाही, ते यादीच्या तळाशी जाईल. गावातला सगळ्यांत अवघड वाद इथेच होतो आणि तो ग्रामसभेत उघडपणे व्हावा.

पैशांचे ढोबळ चित्र असे. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात निधीचा ६० टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, तर ४० टक्के अबंधित. पुढच्या निधीचे नियम पंचायत समितीकडून लेखी घ्या. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते मार्चअखेरीस घाईने उरकण्याऐवजी आराखड्यातच बसवा.

पाणीपट्टी कशी ठरवली, असे कोणी विचारले तर हिशेब दाखवता आला पाहिजे. वीजबिल, टीसीएल, कर्मचाऱ्याचा पगार, दुरुस्ती आणि मोटार बदलण्यासाठीची थोडी शिल्लक यांची वर्षाची बेरीज नळजोडण्यांनी भागा. समजा खर्च ४,८०,००० रुपये आणि जोडण्या ४०० आहेत. जोडणीमागे १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १०० रुपये झाले. पट्टी ५० असेल तर उरलेले ५० कुठून येतात, तेही फळ्यावर लिहा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने पूर्ण कर भरणाऱ्यांना मोफत दळण दिले आणि वसुलीचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. साताऱ्यातल्या मान्याचीवाडीने सौरऊर्जेवर गाव चालवून वीजबिलाचा भार उतरवला. आपल्या गावात यातले काय लागू पडेल, ते तुमचे आकडे सांगतील.

सहावे काम: भिंतीवर लिहा आणि पुन्हा मोजा

महानगरपालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो. गावाचा अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असावा. रंगवलेला तक्ता, एका रकान्यात निर्देशक, पुढे वर्षे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा आणि खर्च दिसतो, पण वस्तीवरची आजी पोर्टल उघडत नाही. ती रेशनला येताना भिंत वाचते किंवा नातवाकडून वाचून घेते.

तुलना करताना एक काळजी घ्या. चांगल्या पावसाच्या वर्षी विहिरी भरल्या म्हणून बंधाऱ्याचे कौतुक करू नका आणि दुष्काळात आटल्या म्हणून काम फुकट गेले असेही म्हणू नका. जवळपास सारख्या पावसाची दोन वर्षे शोधा आणि त्यांच्या मे महिन्यातल्या पातळ्या शेजारी ठेवा. काम सुरू होण्याआधीची पातळी नसेल तर ही तुलना कधीच करता येत नाही. म्हणून पहिले काम मंजूर होण्याची वाट न बघता येत्या मोजणीच्या महिन्यापासून टेप हातात घ्या.

वर्षातल्या चार ग्रामसभांना मोजणी वाटून द्या. २६ जानेवारीला रब्बीचे पाणी आणि वसुली, १ मे रोजी टंचाई आणि विहिरी, १५ ऑगस्टला पाऊस, शाळा आणि स्थलांतराला जाणारी कुटुंबे, २ ऑक्टोबरला पूर्ण तक्ता आणि पुढचा आराखडा. पाण्याचा ताळेबंद पावसाळी आकडे हाती आल्यावर त्याच महिन्यात विशेष सभेत घेतला तरी चालेल. आकडा बिघडला असेल तर तोच आधी वाचा.

पाच वर्षांनी दुसरे लोक निवडून येतात आणि नोंदी जुन्या सरपंचांच्या घरी किंवा कुणाच्या मोबाइलमध्ये राहून जातात. यावर उपाय पहिल्याच वर्षी करा. मोजणीची वही ग्रामपंचायतीच्या दप्तराचा भाग आहे, असा ठराव घ्या. तिच्या पहिल्या पानावर विहिरींचे गट क्रमांक, कठड्यावरची खूण कुठे आहे, पर्जन्यमापकाची जागा आणि प्रत्येक निर्देशक कसा मोजला हे लिहा. एक प्रत शाळेत ठेवा, आणि पदभार देण्याच्या यादीत वहीचे नाव घाला.